शेठ, तुमचा पगार किती?

भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा. मालकाला विचारा, सीएनसी चालवणाऱ्या पोराला महिन्याला किती देता? रुपयासकट उत्तर येतं. ओव्हरटाइम वेगळा, दिवाळीचा बोनस वेगळा, गणपतीला घेतलेली उचल वजा, सगळं तोंडपाठ. आता विचारा, आणि तुम्ही किती घेता?

शेठ हसतात.

‘आपलं काय हो. लागेल तसं घ्यायचं.’

वीस वर्षं दुसऱ्यांचे पगार सात तारखेच्या आत करणाऱ्या माणसाला स्वतःचा पगार सांगता येत नाही. बरं, त्याची लाज नाही. उलट अभिमान आहे. पगार नोकर घेतात, मालक नव्हे!

धंदा एकट्याच्या नावावर असेल तर हा रुबाब चालून जातो. प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा कायद्याच्या लेखी एकच. तिथे स्वतःला पगार देण्याला अर्थ नाही. दिलाच तर तो खर्च म्हणून कोणी धरत नाही. वर्षाचा नफा दहा लाख, तर हिशोब दहा लाखांचा. तुम्ही त्यातले दोन काढले की नऊ, आयकर खात्याला त्याचं सोयरसुतक नाही. गल्ल्यात हात घाला, वहीत ‘उचल’ लिहा, विषय मिटला.

मग एक दिवस कोणीतरी सांगतं, ‘प्रायव्हेट लिमिटेड करून टाका.’

असा कोणीतरी प्रत्येकाला भेटतोच. कधी मोठ्या कारखान्याचा पर्चेस मॅनेजर असतो, त्याला माल देणारा ‘लिमिटेड’ हवा असतो. कधी बँकेचा साहेब असतो. कधी मुलगा एमबीए करून परत आलेला असतो.

सगळ्यांत महाग पडतं ते हे शेवटचं कारण.

थोड्याच दिवसांत कागद हातात. दारावर नवी पाटी. शेठ मॅनेजिंग डायरेक्टर, वहिनी डायरेक्टर, कार्डावर सोनेरी अक्षरं, पेढे वाटून झाले. बदलली नाही ती एकच गोष्ट. हाताची सवय. हात अजून गल्ल्यातच जातो.

फक्त गल्ला आता दुसऱ्याचा झालेला असतो.

‘दुसऱ्याचा कसा? नव्याण्णव टक्के शेअर माझे, एक टक्का बायकोचा!’

असू देत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात मुंबईच्या श्रीमती गझदर यांचा खटला निकाली निघाला. बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर. कंपनीचं साठ टक्के उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त, तर मग आमच्या लाभांशाचाही तेवढा भाग शेतीचाच, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायालय म्हणालं, मळे कंपनीचे. भागधारकाकडे शेअर असतो, कंपनीची मालमत्ता नसते.

थोडक्यात, लाभांशाला चहाचा वास येत नाही.

आणि शेठच्या शेअरला लेथ मशीनचा येत नाही. मशीन कंपनीचं, शेड कंपनीची, करंट अकाउंटमधले पैसेही कंपनीचेच. शेठ तिथले कोण? भागधारक. डायरेक्टर. आणि पगार ठरवला असेल तर नोकर. ‘मालक’ ही जागा कंपनी कायद्यात भरायची राहूनच गेली आहे.

आता ही उचल काय रंग दाखवते बघा. कंपनीत मागच्या काही वर्षांचा नफा साठलेला आहे. मुलीचं लग्न निघालं. शेठनी कंपनीतून ‘तात्पुरते’ आठ लाख घेतले. अकाउंटंटने इमानदारीत ‘डायरेक्टर लोन’ म्हणून नोंद केली. आयकर कायदा म्हणतो, मोजक्या लोकांच्या मालकीच्या कंपनीने दहा टक्के किंवा जास्त मतं हातात असलेल्या भागधारकाला कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ते कर्ज नाहीच. तो लाभांश. भरा कर.

कर भरला. बरं, कर्ज? ते कंपनीच्या वहीत उभंच आहे. तेही फेडा.

‘मार्चच्या आत परत टाकतो की!’ या वाक्यावर किती संसार तरले असतील देव जाणे. पण १९७७ साली तरुलता श्याम खटल्यात नेमकं हेच झालं होतं. घेतलेले पैसे वर्ष संपायच्या आत परत केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तरी तो लाभांशच धरला. पुढे पी. शारदा खटल्यात पुन्हा तेच. घेतले त्या दिवशी गुन्हेगार... चुकलो, करपात्र.

सीए लोक या तरतुदीला नुसतं ‘टू-ट्वेंटीटू-ई’ म्हणतात, घरातल्या वांड पोराचं नाव घ्यावं तसं. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू. कलमांचे आकडे बदलले. पोरगं घरातच आहे.

कंपनी कायद्याचं वेगळंच. डायरेक्टरला कर्ज म्हटलं की तोही भुवया उंचावतो. नियम मोडला तर दंड पाच लाखांपासून सुरू होतो आणि तुरुंगाचीही सोय आहे. काही खासगी कंपन्यांना २०१५ साली त्यातून सवलत मिळाली. शेठ खूश.

सवलत कंपनी कायद्यातली आहे, शेठ. आयकरातली नाही.

आणि उलटा प्रवास? कंपनीला पैसे कमी पडले, शेठनी घरचे दहा लाख आत घातले, तर? काही नाही. हे पैसे मी दुसरीकडून उसने आणलेले नाहीत, असं एक लेखी द्यायचं. आत जाताना एक सही. बाहेर येताना दोन कायदे.

मग शक्कल निघते. पैसे काढायचेच नाहीत. खर्चच कंपनीतून करायचा!

सोफा ऑफिससाठी घेतला, पोचला घरी. महाबळेश्वरला ‘डीलर मीट’ झाली. डीलर सोडून सगळं घर हजर होतं. मोबाइल पाच, डायरेक्टर दोन. किराणा ‘स्टाफ वेल्फेअर’मध्ये. कुत्र्याचं खाद्य? ‘सिक्युरिटी’.

हसू नका. तुमच्याही ओळखीत एक असेलच.

यात कंपनीचं कल्याण होत नाही, करही फारसा वाचत नाही. धंद्याशी संबंध नसलेला खर्च अधिकाऱ्याने काढून टाकला की त्यावर कर, व्याज, वर दंडाची टांगती तलवार. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेकांना मिळतच नाही. कंपनीची गाडी घरकामाला वापरली तर तिची किंमत म्हणून काही रक्कम तुमच्या पगारात मिळवायची असते.

पण पगारच नाही. मिळवणार कशात?

‘मुकेश अंबानी कुठे पगार घेतात?’ हा यावरचा हुकमी एक्का. बरोबर आहे. अंबानींनी २००८-०९ पासून आपला पगार वर्षाला पंधरा कोटींवर गोठवला आणि २०२०-२१ पासून तोही सोडला. पण त्यांच्या घरच्या कंपन्यांकडे रिलायन्सचे शेअर किती आणि त्यांचा लाभांश किती, हेही जरा बघाल? शेठ, तुमच्या कंपनीचा लाभांश शेवटचा कधी जाहीर झाला?

कधीच नाही.

कारण लाभांश काढायचा म्हणजे सोपस्कार. नफा असायला हवा, घसारा आधी वजा व्हायला हवा, ठराव, सभा, पाच दिवसांत वेगळ्या बँक खात्यात रक्कम, तीस दिवसांत वाटप. आणि तो शेअरच्या प्रमाणातच वाटायचा. काही शेठांचे थोरले दादा निम्म्याचे भागधारक असतात, कारखान्यात फक्त दसऱ्याला येतात, मशीनला हार घालतात, जेवून जातात. लाभांश जाहीर केला की दादांचा चेक तुमच्याएवढाच.

तेव्हा लाभांशाचा विषय दसऱ्याच्या जेवणात कोणी काढत नाही.

तरी इंग्लंडमधला भाचा सांगतोच. ‘मामा, आमच्याकडे सगळे असंच करतात. पगार नावापुरता, बाकी डिव्हिडंड.’ करत असतील. लंडनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटावर काम करणाऱ्या मराठी पोरांना त्यांचा अकाउंटंट हेच शिकवतो, कारण तिथे लाभांशावरचा कर पगारावरच्या करापेक्षा हलका आहे, वर पगारावरचा नॅशनल इन्शुरन्स वाचतो. तिथलं गणित तिथे बरोबर. मामांचा कारखाना शिरोलीत आहे.

शिरोलीचं गणित असं. कंपनीचा नफा १०० रुपये. कमी दराचा पर्याय निवडलेल्या कंपनीचा कर अधिभार-उपकरासह २५ रुपये १७ पैसे. उरले ७४ रुपये ८३ पैसे. ते लाभांश म्हणून घेतले. ३१ मार्च २०२० पर्यंतच्या राज्यात लाभांशावरचा कर कंपनीच भरायची. आता तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात जातो. तीस टक्क्यांच्या पायरीवर असाल तर उपकर धरून आणखी २३ रुपये ३५ पैसे गेले. हातात ५१ रुपये ४८ पैसे.

तेच शंभर रुपये पगार म्हणून घेतले असते तर कंपनीला तो खर्च. तिचा त्यावर कर शून्य. तुमचा ३१ रुपये २० पैसे. हातात ६८ रुपये ८० पैसे.

शंभरामागे सतरा रुपयांचा रुबाब. मालक पगार घेत नाहीत!

बरं, तीस टक्क्यांची पायरी तरी कितीजणांची? नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पगारदाराला वर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट. म्हणजे पावणेतेरा लाख. बाराने भागा. महिना १,०६,२५०. या आकड्यावर बरोब्बर पगार ठरवणारे डायरेक्टर आता गल्लोगल्ली दिसतील. गुणवत्ता, अनुभव, जबाबदारी, सगळ्याचं मोल रुपयापर्यंत सारखं!

त्यात बँकेतल्या ठेवीचं व्याज धरायचं राहिलेलं असतं, ते जुलैत कळतं.

पगार घ्यायचा म्हणजे करायचं तरी काय? बोर्डाचा ठराव. बोर्ड म्हणजे शेठ आणि वहिनी. सभा जेवणाच्या टेबलावर. छोट्या कंपनीला वर्षाला अशा दोन सभा पुरतात, तरी मिनिट्स सीएच्या ऑफिसातला पोरगा मार्चनंतर एकदम लिहितो, आणि त्यात वहिनींनी सूचना मांडली नि शेठनी अनुमोदन दिलं असं असतं. वास्तवात वहिनी म्हणालेल्या असतात, ‘आधी वरण घ्या, गार होतंय.’

ठराव झाला की दरमहा पैसे बँकेतून खात्यात. टीडीएस कापायचा, पुढच्या महिन्याच्या सात तारखेला भरायचा. एवढंच. पण बऱ्याच कंपन्यांत हे वर्षातून एकदाच घडतं. ३१ मार्चच्या रात्री. ‘शेठ, पगार किती दाखवू?’ ‘किती बसतो?’ बारा महिन्यांचे कष्ट एका नोंदीत उरकले.

नोंदही कोणत्या नावाने हे बघावं लागतं. पगार म्हणून दिला आणि तसाच टीडीएस कापला, तर त्यावर जीएसटी नाही. जून २०२० च्या परिपत्रकाने हे साफ केलं. पण अकाउंटंटच्या बोटाने ‘डायरेक्टर फी’ टाइप केलं तर कंपनीने स्वतःच्या खिशातून १८ टक्के जीएसटी भरायचा. माणूस तोच, काम तेच, चेकही तोच.

जाता जाता भागीदारी पेढ्यांना. तुम्ही गालात हसताय ना? एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की दहा टक्के टीडीएस. आता नीट वाचा.

आणि वहिनी?

वहिनी खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. पंधरा वर्षं बिलं त्या काढतात. वसुलीचे फोन त्या करतात, कारण शेठना भीड पडते. कामगाराच्या घरी आजारपण असलं की त्यांना आधी कळतं, कोणत्या पार्टीचा चेक परत येणार तेही. कंपनी झाल्यावर सीएने सुचवलं, वहिनींना चाळीस हजार पगार लावू. लावला. मग कायदा काढला.

कायदा म्हणतो, ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा हिस्सा आहे तिथून बायकोला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा. अपवाद एकच. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानाचा असेल तर. वसुलीच्या फोनची पदवी कोणत्या विद्यापीठात मिळते? पदवीचा कागदच हवा असं नाही, अनुभवाची पात्रताही चालते, असं म्हणणारे निकाल आहेत. पण ते दाखवायला अपिलात जावं लागतं, आणि अपिलाचा वकील वहिनींच्या वर्षाच्या पगाराएवढी फी सांगतो.

नियम कागदावर दोघांनाही सारखा आहे. दोघांचा हिस्सा मोठा, दोघं पगार घेतात, तर ज्याचं बाकी उत्पन्न जास्त त्याच्यात दुसऱ्याचा पगार मिळवायचा. समानता आहे. मिळवला जातो तो बहुतेक वेळा कोणाचा, हे सांगायला हवं?

बँकेकडे चला. शेठना फ्लॅट घ्यायचाय. कंपनीची उलाढाल सहा कोटी, डायरेक्टरचं तीन वर्षांचं रिटर्न साडेचार लाखांचं. कर वाचवायला सीएने मेहनत घेतली होती. गृहकर्जाचा अधिकारी कागद चाळतो आणि म्हणतो, ‘तुमच्या उत्पन्नात एवढं कर्ज बसत नाही हो.’ शेठ बाहेर येतात. त्यांच्याकडच्या सुपरवायझरला गेल्याच महिन्यात मंजूर झालेलं असतं.

त्याच बँकेच्या वरच्या मजल्यावर कंपनीच्या कॅश क्रेडिटची फाइल असते. तिथला अधिकारी म्हणतो, ‘कंपनीची सही पुरे नाही. डायरेक्टरची वैयक्तिक हमी लागेल. राहतं घर तारण द्या.’

खालच्या मजल्यावर गरीब, वरच्या मजल्यावर श्रीमंत. लिफ्ट एकच.

आणि ही हमी म्हणजे नुसती सही नव्हे. दिवाळखोरी कायद्याची त्याबद्दलची तरतूद १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, तेव्हापासून कंपनीच्या कर्जाला हमी राहिलेल्या माणसावर थेट कारवाई करता येते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मर्यादित जबाबदारी पाटीवर. घर बँकेत.

एवढं असूनही स्वतःच्याच कंपनीत नोकर व्हायला मात्र शेठचं मन धजत नाही. न्यूझीलंडमधल्या ली नावाच्या वैमानिकाचं धजलं होतं. शेतांवर विमानातून खत फवारायची कंपनी काढली. तीन हजारांपैकी २,९९९ शेअर त्याचे. गव्हर्निंग डायरेक्टर तोच, आणि पगारी मुख्य वैमानिकही तोच. १९५६ साली फवारणी करताना विमान कोसळलं, तो गेला. बायकोने कामगार भरपाई मागितली. तिथलं अपील न्यायालय म्हणालं, स्वतःच स्वतःचा नोकर कसा होईल? लंडनची प्रिव्ही कौन्सिल १९६० साली म्हणाली, होईल. कंपनी वेगळी, माणूस वेगळा, दोघांत नोकरीचा करार होऊ शकतो. भरपाई मिळाली.

पगार वहीत होता म्हणून.

मग शेठ तो का लावत नाहीत? कर, कटकट, टीडीएस ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण सीएच्या केबिनमध्ये, दार लावल्यावर निघतं.

‘नफा किती?’

‘अठरा लाख.’ छाती जरा पुढे.

‘तुमच्या जागी बाहेरचा माणूस ठेवायचा तर? सकाळी आठ ते रात्री नऊ, रविवारीही फोन चालू, वसुली, खरेदी, इन्स्पेक्टर, कामगारांची भांडणं, घर तारण ठेवण्यासकट?’

‘दीड लाखाच्या खाली कोण येतंय?’

‘दीड गुणिले बारा?’

छाती मागे.

म्हणजे कंपनी काही कमवतच नव्हती. शेठचा न घेतलेला पगारच नफा म्हणून दरवर्षी ताळेबंदात मिरवत होता. त्यावर कंपनीने करही भरला, आणि धंदा वाढतोय म्हणून मुलाने दुसऱ्या शेडचा प्रस्तावही मांडला.

‘अहो, मग कंपनी काढलीच कशाला?’ शेठ विचारतात.

हा प्रश्न आधी विचारला असता तर चहावर भागला असता. आता विचारला तर एक अर्ज आहे. रजिस्टरमधून कंपनीचं नाव काढून टाकण्याचा. सरकारी फी दहा हजार रुपये. देणी फेडून, खाती आटोपून मगच तो भरायचा असतो.

सीएने कॅल्क्युलेटर बंद केला. शेठनी सवयीने विचारलं, ‘हे दहा हजार कंपनीच्या चेकने देऊ ना?’